एमआरआय, चुंबकाचे सोल आणि बधिर पाय

चुंबकाने नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, काय होतं, हे विचारणारी पत्रं थांबत नाहीत. म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्र. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये दोनदा एमआरआय झाला. नसा कमजोर होतील का? (भुसावळ)

नाही. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. नसेतला संदेश सोडियम-पोटॅशियमच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर, चालतो. १९८० साली मांडलेल्या गणितानुसार त्याचा वेग दहा टक्के घटवायलाही सुमारे २४ टेस्ला लागतील.

प्र. मशीन खडखडू लागलं की कमरेत मुंग्या आल्या. (अमळनेर)

त्या वेळी चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलतं, त्यातून अंगात सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि नस चाळवते. स्कॅनबरोबर हे थांबतं. दुखलं किंवा चटका बसला, तर इशारा द्यायला हातात दिलेला रबरी फुगा लगेच दाबा.

प्र. वडिलांना पेसमेकर आहे. एमआरआय चालेल का? (धुळे)

पेसमेकरचं कार्ड हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्या खोलीत पाऊलही नको.

प्र. आईला मधुमेह आहे, तळपाय बधिर झालेत. एका शिबिरात पादत्राणात घालायचे चुंबकाचे सोल घेतले. 'रक्तातलं लोह ओढलं जातं, नसा मोकळ्या होतात' असं सांगितलं. गोळ्या बंद केल्यात. (रावेर)

गोळ्या कोणाला विचारून बंद केल्या? आजच डॉक्टरांना भेटा. रक्तातलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. तसं असतं तर एमआरआयमध्ये माणूस वाचलाच नसता. हे विकणाऱ्याला माल खपवायचा असतो. दरम्यान साखर नसा खात राहते. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे अंगण तव्यासारखं तापतं, तिथे अनवाणी दोन पावलं टाकली की अंगठ्याखाली फोड येतो, आणि दुखतच नाही म्हणून तो पिकेपर्यंत कोणी बघत नाही. अशा जखमांमुळे पाय कापावे लागतात. रोज रात्री आईचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. गरम पाण्याचा शेक बंद. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतली असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. ते कमी झालं तरी पाय बधिर होतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी हवी, तो औषधाने बरा होतो.

प्र. मग डॉक्टर डोक्याला चुंबक लावून नैराश्यावर उपचार करतात, ते? (जळगाव)

ते वेगळं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला संशोधक अँथनी बार्कर यांनी दाखवलेल्या त्या पद्धतीत क्षणार्धात बदलणारं क्षेत्र मेंदूत वीजप्रवाह निर्माण करतं. सोलमधलं चुंबक स्थिर असतं. पण फिट येत असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना तसं सांगा.