लष्करी वाहनातील गादी : मऊपणा पुरेसा का नाही?

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यांना आम्ही आसनांसाठी फोम आणि रेक्झिन पुरवतो. सुरुंगरोधक लष्करी वाहनांत छताला व कडांना बसवायच्या गाद्यांचे काम घ्यावे, असा विचार आहे. जाड, मऊ फोम वापरला तर भागणार नाही का? शिवाय अशा वाहनांत केव्हलारचे अस्तर असतेच. मग निराळ्या गादीची गरज काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तेथील गैरसमज दूर झाल्याखेरीज पहिल्याचे उत्तर नीट कळणार नाही. ते अस्तर म्हणजे केव्हलारसारख्या अतिशय बळकट अ‍ॅरामिड धाग्याच्या कापडाचे अनेक थर राळेत दाबून केलेला कडक तक्ता असतो. चिलखतावर जबर आघात झाला की पोलाद आरपार फुटले नाही तरी त्याच्या आतल्या पृष्ठाचे कपचे वेगाने उडू शकतात. ते अडवणे आणि भेदून आलेल्या तुकड्यांचा फवारा अरुंद करणे, एवढ्यासाठी ते लावलेले असते. त्यावर डोके आपटले तर पोलादावर आपटल्यासारखीच इजा व्हायची.

वाहनाखाली सुरुंग फुटला की काही सहस्रांश सेकंदांत तळ वर उचलला जातो आणि पहिला मार पायांना बसतो. नाटोच्या ४५६९ क्रमांकाच्या मानकानुसार केल्या जाणाऱ्या चाचणीत जवानाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या नडगीला दाबणारे बळ ५.४ किलोन्यूटनच्या आत राहावे लागते. त्यानंतर संपूर्ण वाहन उसळते, बसलेल्यांची डोकी छताकडे जातात, आणि वाहन खाली आदळताना पुन्हा एक तडाखा बसतो. म्हणून तळापासून सुटी, छताला किंवा भिंतीला टांगलेली आसने आणि पट्टे यांचे स्थान गादीच्या आधीचे आहे. पट्टा न बांधलेल्या जवानाला कोणतीही गादी पुरी पडत नाही, हे खरेदीदारालाही स्पष्ट सांगावे.

आता मऊपणा. अमेरिकेतील मोटारींच्या नियमात आतल्या भागांवर डोक्याचा नमुना ताशी २४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ मीटर वेगाने आपटून पाहतात. हा वेग २५ मिलिमीटर अंतरात एकसारखा रोखला तर डोक्यावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९० पट मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, येते. १० मिलिमीटरमध्ये रोखला तर ते २२५ पटींवर जाते. मऊ फोम आरंभी जवळजवळ काहीच रोखत नाही, झटकन पूर्ण दबतो आणि उरलेला सगळा वेग मागच्या पोलादावर सोपवतो. हवा असतो तो पहिल्या मिलिमीटरपासून ठरावीक बळाने चुरत जाणारा पदार्थ, आणि तोही आपल्या जाडीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंतच उपयोगी पडतो. दुचाकीच्या हेल्मेटातील थर्माकोल अशाच रीतीने चुरतो, परंतु एकदा चुरला की पूर्ववत होत नाही. खडबडीत वाटेवर रोज डोकी आपटणाऱ्या वाहनात त्यापेक्षा बऱ्याच अंशी मूळ आकारात परतणारा फुगवलेला पॉलिप्रोपिलीन मला अधिक योग्य वाटतो, मात्र पेट घेण्याच्या दृष्टीने तो स्वतंत्रपणे तपासावा लागेल. दाबल्यावर हळूहळू वर येणारा पॉलियुरेथेन फोम प्रयोगशाळेत छान दिसतो. लडाखच्या थंडीत तो कडक होतो आणि राजस्थानच्या उन्हात तापलेल्या वाहनात ढिला पडतो. त्यामुळे नमुना खोलीच्या तापमानावरच तपासून दर देऊ नये.

खरी अडचण मात्र आगीची आहे, आणि आपल्या व्यवसायातील बहुतेकांची गाडी येथेच अडेल. साधा पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो, आणि बंद चिलखती कक्षात ज्वाळेआधी धूरच माणसाला गाठतो. अमेरिकेच्या नागरी मोटारींसाठी आडव्या नमुन्यावर ज्वाळा पसरण्याची मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. तेवढी पाळलेला माल लष्करी वाहनाला चालेल असे समजू नये, कारण त्या चाचणीत धूर व विषारी वायू मोजलेच जात नाहीत. वरचे रेक्झिन आणि चिकटवण्याचा डिंकही या हिशेबात धरावा लागतो. फोम उत्तम असूनही डिंकामुळे संपूर्ण गादी नापास होऊ शकते.

तेव्हा साचे बनवण्यात पैसा घालण्यापूर्वी फोम, डिंक आणि आवरण असा पूर्ण तुकडा आग, धूर आणि वायू यांच्या चाचणीला पाठवावा. त्यात तो टिकला तरच तो गरम व गार करून आघात-चाचणीचा खर्च करावा. सुरुंगरोधक वाहने आपल्याच राज्यात जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनली आहेत. अशा खरेदीदाराकडून आतली मोकळी जागा नेमकी किती मिलिमीटर मिळणार, हे आधी लेखी घ्यावे, कारण त्या आकड्याशिवाय फोमची निवडच करता येत नाही.