दुसऱ्याच्या मुलांच्या ताटात काय आहे?

"मॅडम, ती तिच्या मुलांना काय खाऊ घालते हा तिचा प्रश्न आहे, हे मला कळतं. पण त्याचा त्रास मला होतो, त्याचं काय करू?" शब्द थोडे इकडेतिकडे होतात, ‘ती’ कधी जाऊ असते, कधी नणंद, कधी वरच्या मजल्यावरची शेजारीण, तर कधी मुलाच्या वर्गातल्या मित्राची आई, पण ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून, त्यातही आयांकडून, मी गेली अनेक वर्षे ऐकत आले आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या हातात तिसऱ्यांदा बर्गर दिसला की मनात राग उसळतो, आणि आपण कुणाला तरी नावे ठेवतो आहोत याची टोचणीही त्याच वेळी लागते. या तक्रारीत खरे तर दोन प्रश्न असतात. तिच्याशी बोलावे की गप्प बसावे, हा पहिला. आणि हा विषय माझ्या डोक्यातून जात का नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सर्वांना तातडीने हवे असते. दुसऱ्याचे उत्तर सापडल्याशिवाय पहिल्याचे देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ते कशाच्या बळावर बनले हे कळावे म्हणून एका आईची हकीकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

त्या ठाण्यात राहणाऱ्या, नऊ वर्षांच्या मुलाची आई. मूल झाल्यावर त्यांनी हिशेबनीसाची चांगली नोकरी सोडली होती. धाकटे दीर आणि जाऊ त्याच इमारतीत दोन मजले खाली राहत होते. जाऊ बँकेत नोकरीला. लोकलचा प्रवास करून तिला घरी यायला रात्रीचे आठ वाजून जात. त्या घरी आठवड्यातल्या तीन-चार रात्री पिझ्झा, फ्रँकी, मॅगी किंवा नाक्यावरचा वडापाव हेच मुलांचे जेवण होते, आणि शेजारी बसून तेच खायला मिळावे म्हणून यांचा मुलगा सारखा खाली पळत असे.

"ऑर्डर टाकली, डिलिव्हरीवाला आला, की हिचा स्वयंपाक झाला," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "आणि मी पहाटे साडेपाचला उठून नाचणीची धिरडी करते. त्यात गाजर किसून घालते, ते त्याला दिसू नये म्हणून बारीक किसते."

त्यांना बोलू देणे एवढेच मी त्या दिवशी केले. मात्र एक गोष्ट मनात टिपून ठेवली. जावेविषयीचे त्यांचे प्रत्येक वाक्य त्यांच्या स्वतःच्या ओट्यापाशी येऊन थांबत होते.

काही दिवसांनी त्या अतिशय अस्वस्थ होऊन आल्या. मुलाच्या चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री पेन्सिलींना टोक करून ठेवावे म्हणून त्यांनी त्याची कंपासपेटी उघडली होती. पट्टी आणि कोनमापकाच्या खाली टोमॅटो सॉसच्या दोन चपट्या पुड्या निघाल्या, एक न फोडलेली आणि एक अर्धी वापरून दुमडून ठेवलेली. आतल्या झाकणाला सॉसचा वाळलेला डाग होता.

"मी त्याला म्हटलं, काकूकडे खाल्लंस ना? मग खोटं का बोललास?"

"तो काय म्हणाला?"

त्यांनी थोडा वेळ घेतला. "म्हणाला, सांगितलं असतं तर तू काकूला वाईट म्हणाली असतीस. आणि काकू वाईट नाहीये."

हे सांगताना त्यांचा रोख अजूनही जावेवरच होता. तिच्यामुळे मुलगा खोटे बोलायला शिकला, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना ते वाक्य पुन्हा, सावकाश उच्चारायला सांगितले. मुलाने आईच्या ओरडण्याला भिऊन पुड्या लपवल्या नव्हत्या. आपल्या आवडत्या माणसाबद्दल आईच्या तोंडून वाईट ऐकावे लागू नये, म्हणून लपवल्या होत्या. आपण पिझ्झाबद्दल बोलतो तेव्हा मुलाला केवळ पिझ्झाबद्दलचे बोलणे ऐकू येत नाही. पिझ्झा देणाऱ्या काकूबद्दल, तो आवडीने खाणाऱ्या भावंडांबद्दल आणि शेवटी तो आवडणाऱ्या स्वतःबद्दल आईचे काय मत आहे, हे त्याला ऐकू येते. मग तो पदार्थ सोडत नाही. आईला सांगणे सोडतो.

त्यानंतर मी त्यांना एक लहानसे काम दिले. जावेचा विचार मनात येईल तेव्हा तिच्याविषयी एक अक्षरही लिहायचे नाही. त्या क्षणी आपण कुठे होतो, हातात कोणते काम होते आणि शरीर काय सांगत होते, एवढेच वहीत लिहायचे. पुढच्या भेटीत त्यांनी वही मोठ्याने वाचली. "रात्री साडेनऊ. ओटा पुसत होते. कंबर दुखते. हे टीव्ही बघत होते." "पहाटे सहा. डब्याची तयारी. काल त्याने अर्धा डबा परत आणला." "रात्री दहा. सकाळची भाजी निवडत होते. झोप येते." अशा पाच-सहा नोंदी वाचून त्या आपणहून थांबल्या.

"सगळं रात्रीचं नाही तर पहाटेचं आहे," त्या म्हणाल्या. "ती समोर असते तेव्हाचं एकही नाही."

तेव्हा मी त्यांना जे विचारले, ते विचारण्याची वेळ मी पहिल्या भेटीपासून पाहत होते. "समजा, उद्या तुम्हाला खात्रीने कळलं की तिची मुलं धडधाकट आहेत, अभ्यासात, खेळात ठीक आहेत आणि मोठी होऊनही चांगलीच निघणार आहेत. तर तुम्हाला काय वाटेल?"

बरे वाटेल, हे उत्तर तोंडावर यायला हवे होते. ते आले नाही. खोलीत बराच वेळ शांतता होती, आणि ती मोडण्याची मला अजिबात घाई नव्हती.

"मग मी हे सगळं कशासाठी करतेय?" त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळले. "नोकरी सोडली ती याच्यासाठी सोडली. ती चुकत नसेल, तर मग..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

या एका अपुऱ्या वाक्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी झाल्या होत्या, असे मी मानते. हाच प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर तो आरोप ठरला असता आणि त्या पुन्हा आल्या नसत्या. स्वतःच्या हस्ताक्षरातल्या नोंदी वाचून झाल्यावर मात्र उत्तर त्यांचे स्वतःचे होते. माणूस आपल्याच तोंडून निघालेल्या सत्याशी वाद घालत नाही, आणि ते त्याच्याच तोंडून निघेपर्यंत थांबणे हा माझ्या कामातला सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानाचा भाग आहे.

त्या दिवशी मला जे स्पष्ट दिसले, ते नंतर अशा अनेक पालकांच्या बाबतीत खरे ठरले. सोडलेली नोकरी, पहाटेचे उठणे, दुखरी कंबर या सगळ्याला जावेच्या चुकीने टेकू दिला होता. ती चुकते आहे तोवर आपल्या कष्टांना अर्थ आहे. ती चुकत नसेल, तर या कष्टांची किंमत आपण का मोजली, हा प्रश्न उघडा पडतो. म्हणून ती चुकत असणे मनाची गरज होऊन बसते, आणि म्हणूनच तो विषय डोक्यातून जात नाही.

मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवली. तिचा एक आग्रह असा की कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, संपूर्ण माणसाचे करू नये. ‘मुलांना वरचेवर पिझ्झा देणे त्यांच्या प्रकृतीला हितकारक नाही’ हे विधान तपासता येते आणि ते योग्यही आहे. ‘वरचेवर पिझ्झा देणारी आई वाईट आई असते’ हे विधान कोणत्याही कसोटीवर टिकत नाही; शिवाय ते उच्चारणाऱ्यावरच उलटते. डब्यावरून जावेला नापास करणारे मन त्याच डब्यावरून रोज स्वतःचीही परीक्षा घेत असते. हे मी सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "डबा परत आला की मला दिवसभर काही सुचत नाही." जावेला दिलेली शिक्षा आणि स्वतःला दिलेली शिक्षा एकाच नियमातून आली होती, आणि सुटकाही दोघींची एकत्रच होणार होती.

याचा अर्थ खाण्याची काळजी निराधार आहे, असा कुणी घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ बाहेर काढले, आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी अशा पदार्थांच्या विक्रीला शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही मनाई केली. प्रश्न खरा आहे, म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवे. माझ्यासमोर बसलेल्या या आईच्या यादीत पिझ्झा आणि बर्गर होते. संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, डब्यातला चिवडा आणि उपवासाचे साबुदाणा वडे त्यात नव्हते, कारण ते आपले होते. पदार्थ आपला असो वा परका, त्यातले मीठ आणि तेल मात्र शरीरात सारखेच काम करतात.

आणखी एक गोष्ट त्या यादीत नव्हती. "त्या घरी ऑर्डर कोण टाकतं?" असे मी सहज विचारले. त्या क्षणभर गोंधळल्या. दीर संध्याकाळी सातलाच घरी येत होते, आणि ऑर्डर बहुतेक वेळा त्यांच्याच फोनवरून जात होती. हे त्यांना माहीत होते, पण त्यांनी ते कधी हिशेबातच धरले नव्हते. फास्ट फूडवरून दुसऱ्या पालकांना दोष देणारी शेकडो वाक्ये मी ऐकली आहेत. त्यांत वडिलांचा उल्लेख क्वचितच असतो. मुलांच्या पोटाचा जाब फक्त आईला विचारायचा ही सवय इतकी जुनी आहे की बायकाही एकमेकींना तोच जाब विचारत राहतात.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. काकूकडे काय खाल्ले हे सांगितलेस तर मी काकूबद्दल काही बोलणार नाही, असे त्यांनी मुलाला सांगितले आणि सुरुवातीचे काही आठवडे अक्षरशः ओठ आवळून ते पाळले. पूर्ण बंदीचा हट्ट आम्ही सोडला. लीॲन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांच्या १९९९ मधील प्रयोगांत असे दिसले होते की मुलांना समोर दिसणारा आवडता पदार्थ अडवून धरला की त्यांचे लक्ष आणि ओढ त्याच पदार्थाकडे वाढते. शनिवारी घरी उघडपणे, सगळ्यांनी मिळून काहीतरी मागवायचे, असे ठरले. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने ठरवावे, ही आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मी बहुतेक पालकांना सांगते. तिचा मोठा फायदा असा की परत आलेला डबा आईचे प्रगतिपुस्तक राहत नाही. रविवारचा नाश्ता वडिलांनी करायला घेतला. नोकरीचा विषय आमच्या बोलण्यात नंतरही बराच काळ राहिला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग उरला बोलण्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या मुलांची पद्धत सुधारायला जाऊ नका, आपल्या मुलापुरती विनंती मात्र अवश्य करा, असे मी सांगते. त्यांनी जावेला एकटीला गाठून एवढेच म्हटले, "तो संध्याकाळी तुझ्याकडे खातो आणि मग रात्री जेवत नाही. सातनंतर आला तर त्याला खायला देऊ नकोस, एवढं करशील?" जाऊ लगेच हो म्हणाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वहिनी, मला वाटायचं तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडता. म्हणून मी मुलांना वर पाठवायचंच टाळते." जावेच्या घरी आजही ऑर्डर येते. ती थांबावी हे आमचे उद्दिष्ट कधीच नव्हते. आता तिची मुले मात्र वर येतात, आणि यांच्या मुलाला आपण खाली काय खाल्ले हे लपवावे लागत नाही.

काही वेळा दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलणे खरोखर आवश्यक असते. मूल थोडे चालले तरी धापा टाकत असेल, मानेची त्वचा काळी आणि जाड होत चालली असेल, किंवा डॉक्टरांनी दिलेला इशारा घरात कानाआड केला जात असेल, तर जवळच्या नातेवाइकाने गप्प बसू नये. मात्र ते एकदाच, आई आणि वडील दोघांशी, मुलांच्या आणि सासूबाईंच्या माघारी बोलावे; कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेख पाठवून सुचवू नये. ‘तुम्ही चुकता’ असे न म्हणता आपल्याला नेमके काय दिसले तेवढे सांगावे, बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सोबत येऊ का असे विचारावे, आणि आठवड्यातल्या एखाद्या रात्री त्या मुलांना आपल्याकडे जेवायला बोलवावे. एवढी सवड त्या वेळी नसेल, तर ती होईपर्यंत विषय काढू नये.