अपडेट कधीपर्यंत मिळणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत मांडलेली दिसते. घरातला किंवा दुकानातला संगणक, हातातला फोन नीट चालत असताना तो बदलावा असे सांगितले जाते, तेव्हा ते कितपत मानावे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित अपडेट थांबवल्यापासून ही विचारणा वाढली आहे. माझे मत असे की, यंत्र घेताना, ठेवताना किंवा टाकताना त्याला सुरक्षेची अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. या अंकासाठी त्याच दृष्टीने पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आमचे डीटीपी आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. एक संगणक २०१६ साली घेतलेला, दुसरा २०१९ चा. दोन्हींवर विंडोज १० आहे. दुरुस्तीवाला सांगतो की दोन्ही आता भंगारात द्या आणि नवे घ्या. लग्नसराई तोंडावर आहे, पत्रिकांची कामे हातात आहेत. एवढा खर्च लगेच करणे खरेच आवश्यक आहे का?
— एक दुकानदार, चोपडा

उत्तर : दोन्ही संगणक भंगारात देण्याचे कारण नाही, मात्र दोघांची वाट वेगळी आहे, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करू.

आधी नेमके काय घडले ते पाहू. विंडोज १० बंद पडलेली नाही, आणि तुमचे संगणक पूर्वीसारखेच सुरू होतील. थांबले आहे ते तिच्यात सापडणाऱ्या नव्या उणिवा बुजवण्याचे काम. अशा उणिवा दर महिन्याला सापडतात, आणि विंडोज ११ साठी दुरुस्ती जाहीर झाली की तिच्यावरून जुन्या विंडोजमध्ये कुठे वाट मोकळी आहे हेही चोरांना कळते. त्यामुळे अपडेट न मिळणाऱ्या संगणकाचा धोका पहिल्या दिवशी जाणवत नाही, तो महिन्यामहिन्याने साचत जातो. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची मुदतही त्याच दिवशी संपली आहे, हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही.

वैयक्तिक संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. तिच्या नोंदणीचे तीन मार्ग आहेत : मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवणे, ज्याला पैसे पडत नाहीत, कंपनीच्या रिवॉर्ड योजनेतले १००० गुण खर्च करणे, किंवा एकदाच ३० डॉलरएवढी रक्कम भरणे. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असली पाहिजे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. कंपनीच्या किंवा शाळेच्या डोमेनला, म्हणजे संस्थेच्या ताब्यातल्या जाळ्याला, जोडलेल्या संगणकांना ही सोय लागू होत नाही. संस्थांसाठी वेगळी, यंत्रागणिक पैसे मोजण्याची योजना आहे. या सोयीत फक्त महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, नव्या सुविधा किंवा तांत्रिक मदत मिळत नाही. तुमच्या कामाला तेवढे पुरेसे आहे आणि लग्नसराई निघून जाईल इतका वेळ त्यातून हाताशी येतो.

२०१९ चा संगणक बहुधा विंडोज ११ घेऊ शकेल. त्यासाठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे ॲप चालवले की संगणक पात्र आहे की नाही हे कळते. तेथे टीपीएम नाही असे उत्तर आले तरी निराश होऊ नका, कारण सुटे भाग जोडून बनवलेल्या अनेक संगणकांत ही सोय मदरबोर्डमध्ये असते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, फक्त बंद ठेवलेली असते. ती चालू करून घ्या. मूळ परवान्याच्या विंडोज १० वरून ११ वर जाण्यास शुल्क नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली आणि मेमरी ८ जीबी केली, तर हाच संगणक आणखी काही वर्षे उत्तम काम देईल, आणि हा खर्च नव्या संगणकाच्या मानाने फारच थोडा आहे. परवाना मूळ नसेल, कोणीतरी क्रॅक करून विंडोज टाकून दिली असेल, तर मात्र अपडेटची ही सारी चर्चा व्यर्थ ठरते, कारण त्या क्रॅकबरोबर काय आत आले आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

२०१६ चा संगणक अधिकृतपणे विंडोज ११ घेणार नाही. तपासणी चुकवून ती बसवून देणारे भेटतात, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे मूळ अडचण जिथल्या तिथेच राहते. वाढीव मुदत संपल्यावर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकून स्कॅनिंग, प्रिंटिंग आणि ऑनलाइन अर्जांसाठी तो वापरता येईल. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालते. श्री-लिपीसारखी मराठी टायपिंगची, विंडोजवरची सॉफ्टवेअर मात्र २०१९ च्या संगणकावरच ठेवावी लागतील.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तुमच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात आणि व्हॉट्सॲपवरून आधार कार्ड, सातबारा, बँकेच्या पासबुकाची पाने येतात. छपाई झाली तरी ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने पडून असतात. संगणकात घुसखोरी झाली तर नुकसान तुमच्या एकट्याचे होणार नाही, तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांचे होईल. म्हणून दुकान बंद करताना त्या दिवशीची अशी कागदपत्रे पुसून टाकण्याचा नेम ठेवा, स्वतःच्या बँकेचे व्यवहार या संगणकांवर करू नका, आणि पत्रिकांच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून ती डिस्क एरवी संगणकापासून काढलेली राहू द्या.

प्रश्न : माझा फोन २०२० सालचा आहे. व्हॉट्सॲप, केळीचे भाव, पैशांची देवाणघेवाण सगळे त्यावर होते. मुलाने सेटिंग्ज उघडून दाखवले की सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख २०२२ ची आहे. तो म्हणतो फोन बदला. चालणारा फोन का टाकायचा?
— एक केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर : तुमच्या मुलाने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ किंवा सुरक्षेच्या पानावर दिसणारी ती तारीख म्हणजे फोनची खरी अवस्था. तिथेच गूगल प्ले सिस्टिम अपडेटची आणखी एक तारीख असते आणि ती बरीच अलीकडची असू शकते. तिच्यावरून समाधान मानू नये, कारण तिने अँड्रॉइडच्या काही भागांचीच दुरुस्ती होते. व्हॉट्सॲप बऱ्याच जुन्या अँड्रॉइड फोनवरही चालते, त्यामुळे ते चालते हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

तरीही तोडणीचे पैसे येईपर्यंत थांबायचे असेल, तर जोखीम बरीच आवरता येते. केळीचे पैसे आणि पीक कर्ज ज्या खात्यात आहे, ते खाते या फोनवरच्या कोणत्याही यूपीआय ॲपला जोडलेले ठेवू नका, आणि त्या खात्याला नोंदवलेला क्रमांक साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तिकडे येईल. रोजच्या खर्चासाठी दुसरे खाते ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच रक्कम असू द्या.

शेतकऱ्यांना सध्या सर्वांत जास्त गाठणारा धोका मात्र नव्या फोनवरही तितकाच आहे, म्हणून तो इथेच सांगतो. पीएम किसानचा हप्ता, आरटीओचे चलान किंवा लग्नाची पत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असे असते. ती उघडली की ॲप बसते, ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पैशांची मागणी पाठवून फसवणूक वाढल्यामुळे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली आहे. क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावणारे मात्र अजून आहेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही लगेच कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांमध्ये वळवली जाण्याआधी ती रोखता येते.

प्रश्न : सणाच्या सवलतीत मोठ्या कंपनीचा फोन निम्म्या किमतीत मिळतो आहे. विक्रेता म्हणतो, चार वर्षे अपडेट येतील. निवृत्तिवेतनातून घेणार आहे, म्हणून दीर्घकाळ टिकावा अशी इच्छा आहे. विश्वास ठेवावा का?
— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : बाई, विक्रेता खोटे बोलत असेल असे नाही, तो अर्धे सांगतो आहे. ही वर्षे तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत, ते मॉडेल प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजली जातात. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या आणि चार वर्षांची हमी असलेल्या मॉडेलचा नवा कोरा नग ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला असेल, तर हाती सव्वा वर्षच उरते. निम्म्या किमतीचे रहस्य पुष्कळदा इथेच असते. आपल्याकडे शेतकरी कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरची मुदत वाचल्याशिवाय पैसे देत नाही, तशीच ही तारीख पाहावी. फरक एवढाच की फोनच्या खोक्यावर ती छापलेली नसते. खोक्यावरचा महिना त्या नगाच्या निर्मितीचा असतो आणि त्यावरूनच अनेकांची दिशाभूल होते. मॉडेलचे नाव लिहून आणा आणि ते कधी आले व त्याला किती वर्षांची हमी आहे, हे कंपनीच्या संकेतस्थळावर घरच्यांकडून पाहून घ्या.

हमीच्या वर्षांत गेल्या काही काळात चांगली वाढ झाली आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांची हमी दिली. ही महागडी मॉडेले झाली, पण सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ ५जी या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षे जाहीर झाली आहेत. तुमच्या गरजेला अशा फोनचे नवे मॉडेल, जास्त सवलत नसली तरी, अधिक स्वस्त पडेल. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट दिली पाहिजेत. तिथल्या गिऱ्हाइकाला उशिरा फोन घेतल्याची शिक्षा होत नाही. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ही चांगली सुरुवात होती. पण अपडेटची अखेरची तारीख खोक्यावर छापण्याची सक्ती व्हावी, असे मला मनापासून वाटते. खरेदीनंतर तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रश्न : मे महिन्यात फोन इतका तापतो की हातात धरवत नाही. गेल्या उन्हाळ्यात बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले. अपडेटमुळे बॅटरी खराब होते, हे खरे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत कामे उरकत असतो, त्यामुळे तो थोडा तापतो आणि बॅटरी लवकर उतरते, ते आपोआप थांबते. तुमच्याकडचा खरा दोषी उन्हाळा आहे. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावे असे सांगते, आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सावलीतला फोनसुद्धा त्या मर्यादेबाहेर असतो. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत : उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा, चार्जिंगच्या वेळी कव्हर काढा, सेटिंग्जमध्ये सोय असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा, आणि दुपारी दुचाकीच्या हँडलवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर फोन लावून नकाशा पाहणे टाळा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरते.

फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावू नये, झाकण दाबून बसवू नये, बॅटरीला टोचू नये. तो बंद करून ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रात न्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका. फोनला अपडेटची दोन-तीन वर्षे शिल्लक असतील तर नवी बॅटरी घालणे नक्की परवडते; मुदत संपली असेल तर तो खर्च करू नका.

प्रश्न : कॉलेजसाठी वापरलेला फोन घ्यायचा आहे. चोरीचा नाही ना, हे कसे पाहावे?
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : फोनवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतंत्र ओळख, दिसतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये तो टाकून फोन काळ्या यादीत आहे का, हे पाहता येते. हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरून देण्याचा सरकारचा आदेश विरोधानंतर डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीस मागे घेतला गेला, त्यामुळे ते ठेवणे ऐच्छिक आहे; तपासणीपुरते संकेतस्थळही चालते. दिसलेले मॉडेल आणि हातातले मॉडेल एकच आहे ना, ते ताडून पाहा. विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपले गूगल खाते काढून मग फोन रीसेट केला पाहिजे. तसे न झाल्यास रीसेटनंतर फोन त्याचेच खाते मागत राहील आणि तुम्हाला उघडता येणार नाही. फोन रीसेट करण्याआधी सुरक्षा अपडेटची तारीख पाहून घ्या, आणि पैसे देताना मूळ बिल मागा. त्यावरचा आयएमईआय फोनवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर व्यवहार करू नका.