रेतीतली गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मित्रांचा ग्रुप डिसेंबरात जैसलमेरले मोटरसायकलच्या ऑफ-रोड (रस्ता सोडून चालवायच्या) ट्रेनिंग राइडले चालला, थारच्या वाळवंटात. मी पांदण रस्त्यानं रोज गाडी चालवतो, पावसाळ्यात काळ्या मातीतून वावरात जातो. तरी ट्रेनर म्हणते आधी रेतीची प्रॅक्टिस करून या. चिखलात चालवणाऱ्याले रेती कायले जड जाईन?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : जाईल भाऊ, आणि चिखलाची सवय आहे म्हणूनच जाईल. चिखलात आपण काय करतो, पहिला गिअर टाकतो, दोन्ही पाय खाली सोडतो, हँडल गच्च धरतो आणि हळूहळू गाडी काढतो. रेतीत असं केलं की स्पीड पडतो, पुढचं चाक खाली बसतं, समोर रेतीचा ढीग जमतो, हँडल एकीकडे ओढलं जातं, आपण घाबरून थ्रॉटल (रेस द्यायची मूठ) सोडतो, त्यानं वजन अजून पुढे येतं आणि गाडी आडवी. म्हणून फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, बूड थोडं मागे, टाकी गुडघ्यांत, नजर लांब, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात थ्रॉटल एकसारखा उघडा. पुढचं चाक नागमोडी हलतं, हलू द्या. बैलाचा कासरा कसा हातात असतो पण ताणलेला नसतो, तसं हँडल धरा. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, थ्रॉटल सोडला की रेतीच गाडी थांबवते. थांबताना उताराकडे तोंड असलं तर परत निघणं सोपं.

रुतलीच तर रेस देत बसू नका, क्लचचा वास येईपर्यंत चाक ॲक्सलपर्यंत खाली गेलेलं असतं. उतरा, गाडी आडवी पाडा, चाकाखालचा खड्डा रेतीनं भरा, उभी करा आणि बाजूनं चालत, थोडी थोडी रेस देत काढा.

टायरची हवा रेतीत 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवतात. पण ट्यूबचं टायर असेल तर यापेक्षा कमी नको, टायर रिमवर सरकतं आणि व्हॉल्व्ह उपटून निघतो. आणि थार म्हणजे नुसते रेतीचे डोंगर नाहीत बरं, मधे मधे चांगलं दगडगोट्यांचं पठार लागतं, तिथं कमी हवेत रिम वाकतो, म्हणून हातपंप सोबत पाहिजेच.

प्रॅक्टिसला पूर्णेचं, वर्धेचं नाहीतर जवळच्या नाल्याचं पात्र आहेच की. फक्त कोरडी भुसभुशीत रेती बघा, ओली रेती घट्ट असते, तिच्यावर काही शिकायला मिळत नाही. रेती उपसलेले खड्डे आधी पायी फिरून बघायचे, वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारायचं, आणि एकटं जायचं नाही.

प्रश्न : मी ग्रुपमधे सगळ्यात फास्ट आहे. तरी मला मधेच ठेवलं, ओव्हरटेक बंद. एवढे पैसे भरून रांगेतच चालायचं तर मग शिकायचं काय?
– एक वाचक, वणी

उत्तर : रांगच शिकायची! रेतीच्या टेकडीला वाऱ्याकडची चढण पसरट असते आणि पलीकडची बाजू एकदम खडी, 30 अंशाच्या वर. माथ्यापलीकडे कोणी पडलेला असेल तर खालून दिसतच नाही, आणि तुम्ही फुल थ्रॉटलवर त्याच्या अंगावर. म्हणून एक-एक जण चढतो, माथ्यावरून हात दिसला की दुसरा निघतो. वळणावर लीडरच्या मागचा गडी थांबतो, सगळ्यात शेवटचा स्वीप रायडर येईपर्यंत हलत नाही. असा वीस मिनिटं उन्हात उभा राहणारा माणूस मला फास्टवाल्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. डाकार या वाळवंटातल्या मोठ्या रॅलीचे व्हिडिओ बघून डोकं फिरतं हे खरंय, आपला हरिथ नोहा 2024 मधे तिथं रॅली 2 क्लास जिंकला, पण ती रेस आहे आणि ही शिकवणी.

अजून एक, ट्रॅक सोडून मनानं कुठंही घुसू नका. तिकडं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोक पक्षी उरलाय तो मुख्यतः त्याच भागात. आपल्या वरोरा-भद्रावतीकडं एकेकाळी दिसायचा, आपल्याला तरी त्याची किंमत कळायला पाहिजे. शिवाय पुढं बॉर्डर आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. दादा हिमालयन 450 बाईक भाड्यानं घे म्हणतो, मला एक्सपल्स 200 बरी वाटते. पाय टेकत नाहीत तर जमेल का?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : ताई, तुमचंच ऐका. साध्या एक्सपल्सची आणि हिमालयनची सीट सारखीच, 825 मिलिमीटर, पण हिमालयन 196 किलोची आणि एक्सपल्स 160च्या आत. रेतीत जास्त वेळ उभंच राहायचं असतं, पाय टेकण्यापेक्षा पडलेली गाडी उचलता येणं महत्त्वाचं, आणि पडणार तर सगळेच. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, एक हात खालच्या ग्रिपला, दुसरा मागच्या फ्रेमला, बूड सीटला टेकवून छोट्या पावलांनी मागे रेटा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. घरच्या अंगणात दादासमोर एकदा करून दाखवा, मग तो भाड्याच्या गाडीवर बोलणार नाही.

प्रश्न : आम्ही 46-47 डिग्रीतली माणसं, डिसेंबरात तिकडं काय त्रास होणार?
– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : हवेचा फार नाही, रात्री उलट हुडहुडी भरते, स्वेटर न्या. पण जॅकेट, नी-गार्ड, बूट घालून उभ्यानं गाडी रेटताना थंडीतही घाम निथळतो, म्हणून तहान लागायच्या आधी घोट-घोट पाणी आणि ओआरएस. मे महिन्यात मात्र कोणी स्वस्त पॅकेज देत असेल तर हात जोडा, फलोदीला 2016 च्या मे महिन्यात 51 डिग्री झालं होतं. आणि रोज संध्याकाळी एअर फिल्टर काढून बघा, चेनवर ग्रीस थापू नका, रेती चिकटून चेन आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन्ही खाते.