वाचकांचे प्रश्न : पुन्हा गोल्फ सुरू करताना

प्रश्न : १९९८ च्या सुमारास घेतलेला सेट माळ्यावर आहे. तीन वुड (लांब फटक्यांचे), ३ ते ९ आयर्न (मधल्या पल्ल्याचे), पिचिंग आणि सँड वेज (जवळच्या, उंच फटक्यांचे), पटर (चेंडू घरंगळवायचा). आयर्न स्टील शाफ्टचे (दांड्याचे). वय आता ५८. सगळे म्हणतात, नवा सेट घ्या. घ्यावा का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : एवढ्यात नको. आधी सेट खाली काढा आणि एक दुपार त्याच्यासाठी ठेवा.

पहिली बघायची ती ग्रिप, म्हणजे मुठीचं रबर. इतक्या वर्षांत रबर कडक आणि गुळगुळीत झालेलं असतं. क्लब (गोल्फची काठी) हातातून सुटेल या भीतीनं आपण नकळत मूठ आवळतो, मनगटं आखडतात, क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) वेळेवर सरळ होत नाही आणि चेंडू उजवीकडे जातो. बरेच जण याच कारणानं नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा वुड) घेऊन बसतात.

मग प्रत्येक क्लबचं डोकं एका हातात आणि शाफ्ट दुसऱ्या हातात धरून पिळून बघा. बारीक कट् असा आवाज आला किंवा डोकं केसभर जरी फिरलं, तर आतला इपॉक्सी (गोंद) सुटला आहे. तो क्लब तसाच मारू नका. डोकं उडून शेजारच्याला लागू शकतं. इपॉक्सी नव्यानं भरून तो दुरुस्त होतो. शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथल्या काळ्या प्लास्टिकच्या कडीजवळ गंज तपासा. वरवरचा असेल तर बारीक स्टील वुलनं निघतो. नखाला खड्डा लागत असेल तर शाफ्ट बदला, तो पुढे-मागे तिथेच मोडतो.

आता लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या चेहऱ्याचा तिरकेपणा. तो जितका कमी, तितका चेंडू खालून आणि लांब जातो. तुमचा ७ आयर्न ३४ ते ३६ अंशांचा असणार. हल्लीच्या जाड सोलच्या (तळाच्या), सोप्या सेटमधला ७ आयर्न २८ ते ३० अंशांचा, म्हणजे जवळपास तुमच्या जुन्या ५ किंवा ६ आयर्नइतका. सोबत्याचा ‘सात नंबर’ पुढे जातो त्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे, मनाला लावून घेऊ नका. नव्या सेटमधला पिचिंग वेजही ४३-४४ अंशांचा असतो. त्याच्यापुढे थेट ५६ चा सँड वेज आला की मध्ये १२ अंशांची पोकळी राहते आणि ५० च्या आसपासचा आणखी एक वेज घ्यावा लागतो. जुन्या सेटला ही अडचण नाही.

आमचं मत स्पष्ट आहे : ६ ते ९ आयर्न, दोन्ही वेज आणि पटर ठेवा. ३, ४ आणि ५ आयर्न काढून टाका. त्यांनी चेंडू उंच उचलायला लागणारा वेग पन्नाशीनंतर फारच थोड्यांकडे उरतो. या तीन आयर्नच्या जागी २२ आणि २६ अंशांचे दोन हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधले क्लब) घ्या. १८ अंशांच्या आसपासचा ५ वुड तुमच्याकडे असेलच. ड्रायव्हर मात्र बदला. त्या काळचे बहुतेक ड्रायव्हर ३०० घन सेंटिमीटरच्या आतले. आज नियमानं ४६० पर्यंत चालतात आणि मधोमध न लागलेला फटकाही बऱ्यापैकी सरळ जातो. लॉफ्ट साडेदहा ते बारा घ्या, नऊ अंशांच्या मोहात पडू नका. एवढे धरून अकरा क्लब होतात. नियमानं चौदा चालतात, पण पिशवी भरण्याची सक्ती नाही.

आयर्नचा नवा सेट हवाच असेल तर सहा महिने खेळून मग घ्या. आत्ताच घेतला तर फिटिंग (स्विंगप्रमाणे क्लबची मापं ठरवणं) आजच्या स्विंगचं होईल आणि तो स्विंग तेव्हा राहणार नाही.

प्रश्न : ग्रिप घरी बदलता येतात का?
– इंदिरानगर

उत्तर : येतात. शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यास आधी मोजा. बहुतेक पुरुषांच्या सेटमध्ये तो ०.६०० इंच असतो. ग्रिपवर आतल्या बाजूला ‘६०’ लिहिलेलं असतं, ती घ्या. सोबत दोन इंच रुंद दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मिनरल टर्पेंटाइन आणि आकड्यासारख्या वळलेल्या पात्याची सुरी लागते. सरळ पातं ग्राफाइट शाफ्टचे धागे कापतं, म्हणून वळलेलंच हवं. सुरी नेहमी अंगापासून दूर ओढायची.

जुनी ग्रिप आणि खालची टेप पूर्ण काढा. टेपचा तुकडा राहिला तर तिथे हाताला कायमचा उंचवटा लागतो. नवी टेप लांबीनं लावा, टोकाला अर्धा इंच जास्त ठेवून ती शाफ्टच्या पोकळीत दुमडा. ग्रिपच्या टोकाच्या भोकात टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचून आत टर्पेंटाइन ओता, खळखळवा आणि तेच टेपवर सांडा. एका ग्रिपला ३०-४० मिलिलिटर पुरतं. यात कंजुषी केली की ग्रिप अर्ध्यावर अडकते. मग न थांबता एका दमात ढकला, टोक टेकल्याचं हाताला कळतं. ग्रिपवरची खूण लगेच सरळ करा. रात्रभर सुकू द्या.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टर्पेंटाइन भराभर उडतं. हे काम सकाळी, सावलीत, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून करा. पेट्रोल वापरू नका.

जाडी बरोबर आहे का ते डाव्या हातानं बघा (डावखुऱ्यांनी उजव्या). मूठ बंद केल्यावर मधली दोन बोटं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकावीत. रुतत असतील तर खाली टेपचा आणखी एक थर द्या.

प्रश्न : वापरलेला ड्रायव्हर स्वस्तात मिळतोय. शाफ्टवर ‘स्टिफ’ लिहिलं आहे. घेऊ का?
– देवळाली कॅम्प

उत्तर : तुमचा चांगला ड्राइव्ह हवेतून किती जातो? २०० यार्डांच्या आत असेल तर सीनियर (लवचीक) शाफ्ट, २०० ते २४० असेल तर रेग्युलर (मध्यम), त्यापुढे स्टिफ (कडक). घरंगळत गेलेले यार्ड धरू नका; कोरड्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ते फार फसवतात. या नावांना सर्व कंपन्यांचं मिळून एकच माप नाही, त्यामुळे शक्य असेल तर दहा-बारा चेंडू मारून बघा. शाफ्ट कडक असेल तर चेंडू सहसा खाली राहतो आणि उजवीकडे पळतो.

नकली मालासाठी खिशात लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. टायटॅनियमच्या म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याला तो चिकटला तर व्यवहार सोडा. सोलवर चिकटला तर घाबरू नका, तिथे वजनाचे स्क्रू असू शकतात. डोकं कानाशी हलवून आत काही खुळखुळतं का तेही ऐका.

प्रश्न : उन्हाळ्यात चिप (होलजवळचा छोटा फटका) मारताना सँड वेज जमिनीवरून उसळतो आणि चेंडूच्या पोटाला लागतो. पावसाळ्यात हाच वेज छान चालतो. असं का?
– नाशिक रोड

उत्तर : हा बाउन्सचा प्रश्न आहे, तुमच्या हातांचा कमी. सोलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जितकी खाली, तितका बाउन्स जास्त. सँड वेजचा तो साधारण १० ते १४ अंश असतो. ओल्या, मऊ जमिनीत त्यामुळे क्लब रुतत नाही. कडक जमिनीवर तीच मागची कड आधी आपटते आणि पुढची कड चेंडूच्या मध्यावर येते. फेब्रुवारी ते मे पिचिंग वेजनं चिप करा, किंवा ४ ते ८ अंश बाउन्सचा वेज घ्या. सँड वेजच वापरायचा असेल तर चेहरा उघडू (आकाशाकडे वळवू) नका. उघडला की बाउन्स आणखी वाढतो.

प्रश्न : गोल्फ क्लब मैदानावर पहाटे सराव केला तर?
– कॉलेज रोड

उत्तर : कृपया नको. नाव गोल्फचं असलं तरी नाशिकचं हे अनंत कान्हेरे मैदान क्रिकेटचं आणि फिरायला येणाऱ्यांचं आहे. जवळजवळ ४६ ग्रॅमचा टणक चेंडू माणसाला लागला तर जिवावर बेतू शकतं. गच्चीवर दाट विणीची जाळी लावा, चेंडू तिच्यापासून अडीच-तीन मीटरवर ठेवा आणि जाळीमागे मीटरभर मोकळी जागा सोडा, कारण ताणली की ती मागे जाते. पातळ चटई थेट सिमेंटवर टाकून आयर्न मारू नका, कोपर दुखावतं. खाली जाड रबर हवंच.

जुने बूटही गच्चीवर घालून बघा. पॉलियुरेथेनचा सोल वर्षानुवर्षं पडून राहिला की दिसायला धड असतो आणि चार पावलांत भुगा होतो. हे मैदानात सातव्या होलवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.