‘सेंद्रिय’ की ‘उमरेड-भिवापूरचे’: जवसाच्या तेलाच्या लेबलावर किती पैसे घालावेत?

प्रश्न: आम्ही पती-पत्नी नागपुरात मानेवाडा परिसरात लाकडी घाणा चालवतो. शेंगदाणा, करडई आणि जवस अशी तीन तेले काढतो. जवसाचे तेल महिन्याला सुमारे 40 लिटर विकले जाते. एका नागरी सहकारी बँकेतली आमची 7 लाख रुपयांची ठेव पुढच्या महिन्यात परिपक्व होत आहे. त्यातले 4.5 लाख घालून जवसाच्या तेलासाठी सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यावे, असा माझा विचार आहे. इटली-स्पेनमध्ये ग्राहक सेंद्रिय ऑलिव्ह तेलाला जादा पैसे देतात असे वाचले आणि आमच्या बहुतेक ग्राहकांनीही लिटरमागे 150 रुपये जास्त देऊ, असे सांगितले. पतींचे मत असे, की बाटलीवर ‘उमरेड-भिवापूरचे जवस’ (हे आमच्याच जिल्ह्यातले तालुके) एवढे छापले तरी पुरे. मुलगी दोन वर्षांनी अभियांत्रिकीला जाईल. काय करावे?

उत्तर: आपल्या पतींची दिशा बरोबर आहे, पण ‘एवढे छापले तरी पुरे’ हे मला मान्य नाही. आपली योजना चुकीची नाही. ती आजच्या विक्रीला पेलणारी नाही, इतकेच.

आपण पाठवलेल्या तपशिलात प्रमाणपत्र व सल्लागार 60 हजार, जवसासाठी वेगळा घाणा 1.6 लाख, प्रमाणित जवसाची आगाऊ खरेदी 1.3 लाख आणि बाटल्या, लेबले व जाहिरात 1 लाख असा खर्च आहे. नूतनीकरण व तपासणीपोटी दरवर्षी 35 हजार लागतील, ते वेगळेच. प्रमाणित जवस किलोमागे 30 रुपयांनी महाग पडेल, असे आपण लिहिता. घाण्यावर एक लिटर तेलासाठी साधारण तीन किलो जवस लागते, म्हणजे लिटरमागे 90 रुपये जवसातच गेले. ढेप (तेल काढल्यावर उरणारी पेंड) नेणारा गोपालक ती सेंद्रिय आहे म्हणून जादा भाव देणार नाही, असेच धरून चालावे. त्यामुळे सगळा भार तेलावर येतो आणि 150 रुपयांतून हाती 60 उरतात. आजच्या विक्रीने वर्षाला 480 लिटर, म्हणजे 28,800 रुपये होतात आणि त्यातून वार्षिक 35 हजारही निघत नाहीत. 4.5 लाखांवर 7 टक्के दराने बुडणारे 31,500 रुपयांचे व्याज धरले, तर ना नफा ना तोटा या पातळीवर येण्यासाठी महिन्याला सुमारे 92 लिटर विकावे लागतील, आणि तेही प्रत्येक लिटर पूर्ण 150 रुपये जादा घेऊन. लेबलामुळे नवे ग्राहक येतील आणि त्यांच्याकडून नेहमीचा नफाही मिळेल, हे खरे; पण तो लाभ स्थानिक लेबलानेही मिळू शकतो, म्हणून मी तो सेंद्रियच्या खात्यावर मांडलेला नाही.

आता ऑलिव्ह तेलाच्या उदाहरणाविषयी. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत या विषयावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि त्यांतून वारंवार दिसते ते असे, की तेल कुठले आहे याला ग्राहक बहुधा फार वजन देतात. सेंद्रिय असण्याला किंमत असते, पण अनेकदा त्याच्या मागून. शिवाय अशा अभ्यासांत पुष्कळदा ग्राहकासमोर काल्पनिक पर्याय ठेवून निवड विचारलेली असते आणि खिशातून पैसे काढायचे नसताना माणूस अधिक उदारपणे उत्तर देतो, ही या पद्धतीची जाणकारांनाही ठाऊक असलेली मर्यादा आहे. आपल्या दुकानात, आपल्याच तोंडावर उत्तर देणाऱ्या ग्राहकाची भीड त्यात आणखी मिसळते. त्यामुळे ते 150 रुपये मी उत्पन्न म्हणून धरणार नाही.

एक फरकही ध्यानात घ्यावा. युरोपीय संघात 1992 पासून उत्पादनस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर उगमस्थान लिहिणे 2009 पासून बंधनकारक आहे. तिथल्या ‘स्थानिक’ या दाव्यामागे तपासणी उभी असते. आपल्याकडे नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भिवापुरी मिरचीलाही ते आहे. पण उद्या शेजारच्या दुकानदाराने कुठलेही जवस आणून त्यावर ‘विदर्भाचे’ असे छापले, तर ग्राहकाला फरक कळणार कसा? म्हणून केवळ गावाचे नाव छापण्यात राखण्याजोगे काही नाही. राखण्याजोगा आहे तो पुरावा: कोणत्या गावच्या गटाकडून कोणत्या महिन्यात जवस घेतले, ते कोणत्या तारखेला घाण्यावर चढले आणि प्रयोगशाळेचा अहवाल काय सांगतो. घाण्यातून काढल्याची तारीख तर मी ठळक छापायला सांगेन. जवसाच्या तेलात ओमेगा-3 मेदाम्ल भरपूर असते आणि त्यामुळेच ते लवकर खवट होते. ताजेपणा ही या तेलाची खरी किंमत आहे आणि दूरच्या मोठ्या ब्रँडला ती देणे अवघड जाते. परंपरेने जवसाचे तेल वापरणाऱ्या सावजी रसोईमुळे या तेलाची चव नागपूरला नव्याने समजावून सांगावी लागत नाही, ही आपली आणखी एक फुकटची मिळकत.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीने, म्हणजे उभ्या धानातच बी फेकून, घेतलेल्या जवसाला खत-फवारणी जवळपास नसतेच. त्यामुळे ‘आमचे जवस मुळातच सेंद्रिय’ असे शेतकरी म्हणतो, त्यात तथ्य असते. पण प्रमाणपत्र पिकाला नव्हे तर शेताला पाहते आणि त्याच बांधीतल्या धानावर फवारणी झालेली असते. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे शेत सेंद्रिय पद्धतीवर आणण्याचा काळ, जावा लागतो. बी प्रमाणित असले, तरी घाण्यालाही स्वतःचे प्रमाणपत्र लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार थेट ग्राहकाला विकणाऱ्या मूळ उत्पादकाला सूट आहे, पण आपण बी विकत घेऊन तेल काढता, त्यामुळे तिच्यावर विसंबून बाटलीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द छापू नये. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ या शब्दांनाही प्राधिकरणाच्या अटी आहेत. लेबल छापण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

ग्राहक खरोखर किती देतो, हे तपासण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. दुसऱ्या प्रमाणित उत्पादकाचे, सेंद्रिय अन्नाचे अधिकृत चिन्ह असलेले बंद बाटलीतले जवसाचे तेल थोडे विकत आणावे आणि आपल्या तेलाशेजारी 150 रुपये जास्त किमतीला ठेवावे. बंद बाटली जशीच्या तशी विकायला आपल्याला सेंद्रिय प्रमाणपत्र लागत नाही. जोडीला आपल्या तेलावर तारीख-गावाचे नवे लेबल लावून लिटरमागे 40 रुपये वाढवावेत. चार महिने दोन्हींची विक्री वहीत लिहावी आणि सणाच्या आठवड्यातली विक्री वेगळी मांडावी. प्रमाणित बाटली महिन्याला 25-30 लिटरच्या पुढे सातत्याने गेली, तर 92 लिटरचा आकडा दूर असला तरी सेंद्रियचा पुन्हा विचार करायला मी तयार आहे; त्या वेळीही आधी किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाला लागू होणारा पी.जी.एस. इंडियाचा, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून प्रमाणित करण्याचा, मार्ग विचारात घ्यावा, कारण देशातल्या विक्रीसाठी तो चालतो आणि त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचा खर्च साधारणतः कमी असतो. दुसरा घाणा तोवर घेऊ नये. घ्यायचाच झाला, तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत कर्जाशी जोडलेले 35 टक्के अनुदान आहे. त्या वेळी अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे कृषी कार्यालयात आधी विचारावे.

राहिला ठेवीचा प्रश्न. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे; आपली 7 लाखांची ठेव एकाच नावावर असेल, तर प्रमाणपत्राच्या आधी हा धोका दूर करावा. 3 लाख मुलीच्या प्रवेशासाठी दुसऱ्या बँकेत दोन वर्षांपेक्षा थोड्या कमी मुदतीने ठेवावेत आणि त्यांना धंद्यासाठी हात लावू नये. 1.5 लाख घरखर्चाची राखीव रक्कम म्हणून सहज काढता येतील असे ठेवावेत. नवी लेबले, गडद रंगाच्या बाटल्या, प्रयोगशाळेची तपासणी आणि चाचणीसाठीचे तेल यांवर 70 हजारांपर्यंत खर्च करावा. उरलेले 1.8 लाख मुदतीआधी मोडता येईल अशा एका वर्षाच्या ठेवीत टाकावेत, म्हणजे चार महिन्यांची वही पाहून निर्णय घेताना ते हाताशी असतील.