पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास

गाडी आणि सुरक्षितता या विषयावरच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात मुंबईच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, जुन्या गाड्या स्वतः खोलून जोडणारे आपले काका.

प्रश्न : काका, वडिलांची 1998 सालची मारुती 800 मी अजून चालवते. कार्बोरेटरवाली आहे. हल्ली सकाळी बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. फिल्टरजवळची रबरी नळी बोटाने दाबली तर चिकट लागते, तिला बारीक तडेही गेलेत. नवी नळी, फिल्टर आणि क्लिपा आणून ठेवल्यात. रविवारी सोसायटीच्या इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बदलायचा विचार आहे, पण सेक्रेटरी नको म्हणतात. इमारतीमागे मोकळं पटांगणही आहे. मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, गाडीची बरीच कामं स्वतः करते. काय काळजी घेऊ?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : पोरी, तुझा हात चालतो हे पत्रावरूनच कळलं. नळी दाबून बघायचं सुचलं, तिथेच अर्धं निदान झालं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते मऊ पडतं, फुगतं, तडकतं. नवी नळी इथेनॉल चालणारी आणि फ्युएलसाठीचीच आहे ना, हे दुकानदाराला पुन्हा विचारून घे. पाण्याची किंवा एअर लाइनची नळी दिसायला तशीच असते. आणि तोवर गाडीला किल्ली लावू नकोस.

पण स्टिल्टमध्ये पेट्रोलची नळी उघडायची नाही. तू नाही, तुमच्या मिस्त्रीने नाही आणि मीही नाही. सेक्रेटरींचं बरोबर आहे.

जळते ती पेट्रोलची वाफ. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मग मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल बघ. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत उताराकडे जाते. हवेत शंभरात जेमतेम दीड भाग वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते.

आता तुमच्या पार्किंगमध्ये एकदा खाली वाकून बघ. लिफ्टचा खड्डा गाड्यांपासून किती लांब आहे? वाफ तिथे उतरून साठते, आणि कुणी सातव्या मजल्यावरून बटण दाबलं की खाली विजेचे संपर्क जुळतात. पाण्याच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीतच असेल. पंप ऑटोवर असेल तर महापालिकेचं पाणी आलं की तो कुणालाही न विचारता सुरू होतो. मीटरची खोली बहुतेक जिन्याखाली. इस्त्रीवाल्याचं टेबल असलं तर कोळशाची इस्त्री सकाळपासून फुललेली. वॉचमनच्या खुर्चीखाली डासांची कॉइल, कोपऱ्यात सोसायटीच्या गणपतीपुढे निरांजन. यातलं तू काय काय विझवणार? गाडीपाशी तू कितीही जपून काम केलंस तरी वाफ तुझ्यापाशी थांबत नाही.

नोकरीत असताना उपनगरातल्या एका इमारतीची वर्दी आली होती. एका गृहस्थांनी टाकीतलं पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत काढलं होतं. माणूस सावध होता, काडेपेटीसुद्धा घरी ठेवून आला होता. पलीकडच्या खोलीत पंप सुरू झाला आणि ज्वाळा फरशीवरून धावत बादलीपर्यंत आली. बादली वितळली, पेट्रोल पसरलं. शेजाऱ्याने घाबरून पाणी ओतलं, तेव्हा पेट्रोल पाण्यावर तरंगत बाइकच्या रांगेखाली गेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा बादलीची फक्त तारेची कडी उरली होती. जीव कुणाचा गेला नाही, पण धूर जिन्यातून वर चढला होता आणि वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं बाहेर पडू शकत नव्हती. जिना हीच त्यांची वाट, आणि तीच धुराची चिमणी झालेली. स्टिल्टमधल्या आगीचं खरं भय हे आहे. गाडी एकाची पेटते, कोंडतात सगळे.

मग करायचं कसं? तुमच्या इमारतीमागे मोकळं पटांगण आहे असं लिहिलंयस. गाडी तिथे ढकलत ने, इंजिन चालू न करता. भिंत, गटाराचं झाकण आणि दुसऱ्या गाड्या यांपासून पंधरा-वीस फूट मोकळं हवं. तेवढी जागा नसेल तर टो करून गॅरेजला पाठव, त्यात कमीपणा नाही. रविवार सोड, मुलं क्रिकेट खेळतात. आठवड्यातली सकाळ बघ, गाडी रात्रभर थंड झालेली असताना.

पहिलं काम बॅटरीचं. मायनसची तार काढून बाजूला बांधून ठेव. हे नळीला हात लावण्याआधी, कारण तार काढताना ठिणगी उडू शकते आणि ती उडायचीच असेल तर वाफ नसताना उडू दे. फोन घरी. उजेडाला जुना बल्बचा हातदिवा अजिबात नको. तापलेल्या काचेवर पेट्रोलचा थेंब पडला की बल्ब फुटतो. दिवसाउजेडीच काम कर. सिंथेटिक ओढणी, नायलॉनचा टी-शर्ट नको, सुती कपडे घाल, केस बांध.

पेट्रोलची टोपी एकदा उघडून लाव, टाकीतला दाब निघून जाईल. नळी सोडवण्याआधी खाली पत्र्याचा डबा ठेव आणि टाकीकडून येणारं टोक लगेच बंद करायला बूच हाताशी ठेव. नळीच्या मापाचा बोल्ट चालतो. टाकीकडची क्लिप सोडताना घाई करू नकोस: क्लिप मागे सरकव, नळी ओढू नकोस, थोडी पिळून मोकळी कर. जुनं रबर धातूला चिकटलेलं असतं, जोरात ओढलं तर नळी झटक्यात सुटते आणि पेट्रोल कोपरापर्यंत उडतं. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. डब्यात आलेलं पेट्रोल स्वच्छ असेल तर धातूच्या नरसाळ्याने टाकीत परत, नसेल तर झाकणबंद धातूच्या डब्यातून गॅरेजला दे. गटारात ओतलंस तर वाफ तुझ्या पटांगणातून दुसऱ्याच्या मोरीत जाईल.

जोडून झालं की सगळं पुसून घे, चिंध्या लांब उन्हात मोकळ्या पसर, आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांब. मगच बॅटरी जोड. गाडी सुरू करताना शेजारी कुणीतरी अग्निशामक हातात घेऊन उभं राहिलं पाहिजे. मोठं माणूस, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. इंजिन चालू असताना प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघ. कागद ओला झाला तर ताबडतोब बंद कर.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पेट्रोल नव्या फिल्टरमधून वर चढायला वेळ लागतो, गाडी पटकन सुरू होत नाही. अशा वेळी आपले मिस्त्री बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल सोडतात आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगतात. कार्बोरेटर उलटा भडकला तर ज्वाळा थेट बाटलीत येते. माणूस दचकून बाटली फेकतो, ती बहुधा स्वतःच्याच किंवा समोरच्याच्या अंगावर. मी अशा जळालेल्या हातांना पट्ट्या बांधलेल्या आहेत. थोडं थांबून थांबून सेल्फ मार, पंप पेट्रोल ओढून घेईल.

हे सगळं तुझ्या कार्बोरेटरवाल्या गाडीपुरतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाची इंजेक्शनची गाडी असेल तर हे घरी करू नका. त्या लाइनमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही राहतो. नळी सोडली की फवारा डोळ्यात जातो, नाहीतर तापलेल्या सायलेन्सरवर.

प्रश्न : माझ्या सीएनजी गाडीत डिकीजवळ गॅसचा वास येतो. साबणाचं पाणी लावून जोड तपासू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. गाडी उघड्यावर असेल तर दारं आणि डिकी हळूच उघडी टाका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा, बाजूला व्हा आणि अधिकृत सीएनजी केंद्राला बोलवा. त्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो, तिथे घरगुती दुरुस्ती नाही. दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी सिलिंडरची तपासणी, झाली आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

प्रश्न : आमच्या मिस्टरांना जुन्या फियाटचा फार नाद. चाळीत जागा नाही म्हणून कार्बोरेटर घरी आणतात आणि मोरीत पेट्रोलने धुतात. टाकीतून पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतात. उरलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत गॅलरीत ठेवतात. मी बोलले तर म्हणतात, वीस वर्षं करतोय, काही झालं नाही. तुम्हीच सांगा.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

साहेब, तुमच्या फियाटवरच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्या मीही खोलल्या आहेत. पण मोरीपासून तुमची गॅसची शेगडी किती पावलांवर आहे? फ्रिजचा थर्मोस्टॅट दिवसातून कितीतरी वेळा आपोआप टिकटिकतो, त्याच्या संपर्कात ठिणगी पडते. देवघरात समई असेल. मोरीत ओतलेलं पेट्रोल खालच्या घराच्या मोरीत वास देतं, आणि खाली कुणी बिडी पेटवली तर आग तुमच्या परवानगीने लागणार नाही. चाळीत लाकडी जिना, लाकडी गॅलरी आणि एका रांगेत दहा-बारा बिऱ्हाडं. तुमच्या हाताखाली फक्त तुमचं घर नसतं.

वीस वर्षं काही झालं नाही, कारण वीस वर्षं वाफ आणि ठिणगी एकाच वेळी एका जागी आली नाहीत. यात तुमचं कसब काही नाही.

कार्बोरेटर गॅरेजमध्ये धुवून घ्या. धुतलेले जेट घरी आणून, भिंग लावून, निवांत बघा आणि बसवा, तो आनंद कुणी काढून घेत नाही. पेट्रोल काढायला हातपंपाची नळी मिळते, ती घ्या आणि तेही उघड्यावर. तोंडाने ओढताना एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते, माणूस अतिदक्षता विभागात पोहोचतो. कुणी चुकून गिळलंच तर उलटी करायला लावू नका, थेट रुग्णालयात न्या. आणि ती गॅलरीतली बाटली आजच काढा. उन्हात प्लास्टिक फुगतं, झाकण सैल होतं. शिवाय पाण्याची बाटली म्हणून एखादं पोर तोंडाला लावेल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो.

ताई, कपड्यांवर पेट्रोल सांडलेलं असेल तर ते अंगावर ठेवून स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. कपडे बाहेर वाळवून मग धुवा. अंगावरचे कपडे पेटलेच तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, जाड सुती चादर गुंडाळायची. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत लोक पार्किंगमध्ये मिस्त्री बोलावून कामं करून घेतात. अग्निशामक कोणते ठेवावेत? नियम काय करावा?
– सेक्रेटरी, बोरिवली पश्चिम

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, टायर, बॅटरी, वायपर अशी कामं होऊ द्या. पेट्रोलची लाइन, टाकी, कार्बोरेटर आणि वेल्डिंग पार्किंगमध्ये बंद, असं वार्षिक सभेत मंजूर करून गेटवर लावा. वेल्डिंगच्या बाबतीत रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण ती वाफेने भरलेली असते. हे मिस्त्रींनाही समजावून सांगा.

पार्किंगसाठी आयएसआय चिन्हाचे, 6 किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक घ्या. ते बाहेर पडायच्या वाटेवर टांगा, गाड्यांच्या मागे कोपऱ्यात नको. आगीपर्यंत जाऊन अग्निशामक काढावा लागला तर तो नसल्यासारखाच. शेजारी कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवा आणि त्यात पानाच्या पिचकाऱ्या पडणार नाहीत इतकं लक्ष ठेवा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे वॉचमनला शिकवा.

चालवायचा कसा, हेही त्याला हातात देऊन दाखवा: पिन ओढायची, नळी आगीच्या बुंध्याकडे धरायची, दांडी दाबायची, झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. छोटा अग्निशामक आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून आधी 101 ला फोन, मग पिन. बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून पावडर मारायची. पहिल्या अग्निशामकात आटोक्यात आली नाही तर मागे फिरायचं आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. गाडी विम्यात मिळते.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. एजन्सीचा माणूस नुसती सही करून जात नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा. पंप चालवायला लावा, वरच्या मजल्याच्या नळीतून पाणी येतं का ते बघा.

आणि 14 एप्रिलपासूनचा आठवडा अग्निशमन सेवेचा असतो. 1944 साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आमच्या दलाचे 66 जण आग विझवताना गेले. त्या आठवड्यात दलाची माणसं प्रात्यक्षिकं दाखवतात. जवळच्या केंद्राला आधी पत्र द्या. प्रात्यक्षिक संध्याकाळी ठेवा म्हणजे नोकरीवरून आलेली माणसं खाली येतील, आणि वॉचमन, इस्त्रीवाला, गाड्या धुणारी मुलं यांना पहिल्या रांगेत बसवा. आग लागेल तेव्हा पार्किंगमध्ये तेच असतील.